सकाळी साधा, दुपारी सिकल

दहा नळ्यांपैकी पाच मी बरोबर ओळखल्या. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच जमलं असतं.

नळ्यांवरची 'साधा' किंवा 'सिकल' ही नावं झाकून मला ओळखायला लावायचं, ही कल्पना माझी सहकारी संगीता वासनिक हिची. ती उमरेडहून एसटीने येते. तिच्या धाकट्या भावाला सिकलसेल आहे. या आजारात हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या साखळीतला एकच दुवा बदललेला असतो. साखळीचा तेवढा तुकडा नॅनोपोअरने ओळखता येतो का, हे आम्ही नागपूरच्या आमच्या लॅबमध्ये बघत होतो. नॅनोपोअर म्हणजे अतिशय पातळ पडद्यातलं, एका वेळी एकच रेणू जेमतेम मावेल एवढं भोक. दोन्हीकडे मिठाचं पाणी, त्यातून वीज सोडायची. तुकडा भोकात शिरला की करंट घटतो. किती घटला, यावरून तुकडा कोणता ते ठरवायचं.

महिनाभर माझे आलेख सुरेख येत होते. साध्या तुकड्याचा उंचवटा डावीकडे, लहान घटीपाशी; सिकलचा उजवीकडे, मोठ्या घटीपाशी. विभागप्रमुख देशकर सर तोच आलेख आढावा बैठकीत दाखवणार होते. प्रकल्प चालू राहणार की बंद होणार, ते तिथेच ठरणार होतं.

मी उत्तरांचा कागद चुरगाळायला घेतला, तेव्हा संगीताने तो हातातून काढून घेतला.

"मॅडम, जेवणाच्या आधीचे सारे तुम्ही साधे लिहिले, अन् जेवणानंतरचे सारे सिकल. असं काहून?"

मे महिना होता. दुपारी आमचा एसी हात टेकायचा. खोली तापली की मिठाच्या पाण्यातून करंट जास्त वाहतो आणि घटही मोठी दिसते. मी रोज साधा नमुना सकाळी लावत होते आणि सिकल दुपारी. खात्री करायला दुसऱ्या दिवशी एकच साधा नमुना दिवसभर चालवला. दोनच्या सुमारास त्याचे आकडे सिकलसारखे झाले.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, आकडे काही आपण बनवलेले नाहीत, जुना आलेख दाखवायला काय हरकत आहे?

"सर, आलेख खोटा नाही. पण तो तुकड्यांचा नाही, उन्हाचा आहे."

संगीता माझ्या शेजारीच होती. "सर, उद्या माझ्या भावाचं सॅम्पल सकाळी लावलं तर?"

सरांनी आठ दिवस दिले.

शेजारच्या विभागातून तापमान एका आकड्यावर धरून ठेवणारी प्लेट आणली आणि नॅनोपोअर असलेल्या चिपखाली बसवली. नमुने आलटून पालटून लावले. नुसती घट न मोजता, मोकळ्या भोकातल्या करंटच्या तुलनेत किती घट झाली, ते मोजलं. सुरेख आलेख गेला. दोन्ही उंचवटे एकमेकांत शिरले, पण पुरते मिसळले नाहीत. तेवढ्या फटीवर मी अडून बसले. एका रेणूवरून खात्री देता येत नव्हती, शेकडो घटी एकत्र पाहिल्या की येत होती.

संगीताने पुन्हा दहा नळ्या झाकल्या. या वेळी नऊ बरोबर आल्या. दहावीपुढे मी 'सांगता येत नाही' असं लिहिलं होतं.

सरांनी तोच कागद बैठकीत दाखवला, पहिल्या फजितीसकट. मागितली होती तीन वर्षं, मिळालं एक.

तेव्हापासून एक नियम केला आहे. मनासारखं उत्तर आलं, की ज्याचं त्या उत्तरावाचून अडणार आहे, त्याच्याच हाती तपासणी द्यायची.