शेवटच्या दोन ओळींची कवळी

कवळ्या बनवणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे दातमामा म्हणत. गिऱ्हाइकाने आरशात पाहून "छान" म्हटलं, तरी मामा कवळी हातात देत नसत. आधी काहीतरी बोलून दाखवायचं. त्यांच्या वडिलांना कुणीतरी शिट्टी वाजवणारी कवळी बसवली होती. वडील मोठे गप्पिष्ट. लोक हसायला लागले, तसं त्यांच्या तोंडाला कुलूप लागलं. ते शेवटपर्यंत उघडलं नाही.

त्यामुळे मामांच्या खुर्चीत कुणी घरचा पत्ता म्हणून दाखवी, कुणी भांडून. इंग्रजीचे निवृत्त सर आले, त्यांनी कविता काढली. दुसऱ्या दिवशी जुन्या कॉलेजात तिच्यावरच त्यांचं व्याख्यान होतं. दात गेल्यापासून सर चारचौघांत गेले नव्हते. हे पहिलंच जाणं.

मामांना इंग्रजीचा गंध नव्हता. "सर, चुकलं कुठे, हे मला कळायचं कसं?"

सरांचा चेहरा खुलला. फार दिवसांनी विद्यार्थी मिळाला होता. ओळी चौदा, त्यांनी सांगितलं. ओळीत एक अक्षर हलकं, एक जड, असं पाचदा. पहिल्या ओळीचं टोक तिसरीशी जुळतं, दुसरीचं चौथीशी. अशा चार-चार ओळींच्या तीन खोल्या. मग कविता वळते, आणि शेवटच्या दोन ओळी एकमेकींशी जुळतात.

"खालच्या दातांवर वरचे. कळलं. म्हणा."

सर म्हणू लागले. मामा कानशीने टेबलावर ठेका धरून होते. हलकं, जड. हलकं, जड. बारा ओळी विनातक्रार गेल्या. तेरावीच्या टोकाला 'स्टोन' आलं. चौदावीच्या टोकाला 'गॉन'.

कानस थांबली.

"काढा कवळी."

"अहो, हा कवळीचा दोष नाही! कवीच्या काळी हे जुळायचं. पुढे उच्चार बदलले. आता ते फक्त डोळ्यांना जुळतं."

"डोळ्यांना? मी दात बसवलेत सर, चष्मा नाही."

"मामा, खरंच सांगतोय."

"तुम्ही भिडस्त आहात. माझे वडीलही 'ठीक आहे' म्हणाले होते."

आतून मामांची बायको ओरडली, "अहो, जाऊ द्या की त्यांना! नाहीतर त्या कवीलाच बोलवा, त्याचे दात बघा!"

"कवी जाऊन शतकं लोटली, वहिनी," सर म्हणाले.

"म्हणजे त्याची तरी तक्रार नाही."

मामा मात्र हट्टाला पेटले. घासलं, मेण लावलं, पुन्हा घासलं. दुपार कलताना सरांच्या तोंडून स्वच्छ 'गोन' बाहेर पडलं. मामांचा जीव भांड्यात पडला. खात्रीसाठी त्यांनी कविता पहिल्यापासून म्हणायला लावली.

आता आधीच्या ओळींतल्या 'डे'चं 'डी' झालं होतं. बाराच्या बारा ओळी कोसळल्या.

सरांनी कवळी काढून टेबलावर ठेवली. "कॉलेजात कळवून टाका," ते बोळक्या तोंडाने म्हणाले. "मी नाही येत."

तो चेहरा मामांनी घरी वर्षानुवर्षं पाहिला होता. पहिल्या कवळीचा साचा अजून होता. त्यांनी तो कपाटातून काढला आणि रात्रीत तशीच दुसरी कवळी घडवली.

सकाळी सर दोन कवळ्या घेऊन व्याख्यानाला उभे राहिले. नवी तोंडात, घासलेली खिशात. मामा आणि बायको शेवटच्या बाकावर. बारा ओळी झाल्या. "इथे कविता वळते," सर म्हणाले आणि वर्गाकडे पाठ करून उभे राहिले. हात तोंडाशी गेला. खट्ट असा आवाज झाला. सर वळले आणि उरलेल्या दोन ओळी म्हणाले. स्टोन. गोन.

कुणी हसलं नाही. पुढच्या बाकावरची मुलगी भराभरा लिहून घेत होती. "सर," तिने विचारलं, "हा खट्ट प्रत्येक चौदा ओळींच्या कवितेत येतो का?"

"चांगली असेल तर," सर म्हणाले.

नंतर व्हरांड्यात सरांना मुलांनी घेरलं. सर बोलायचे थांबेचनात. मामा डबी घेऊन धावले. "सर, बारा ओळींची टेबलावरच राहिली! तोंडात दोन ओळींचीच आहे!"

सरांनी हातानेच थांबा म्हटलं. ते 'डी' म्हणत होते. मुलंही 'डी' म्हणत होती.

"चला आता," बायको म्हणाली. "बोलू द्या त्यांना."

मामांनी डबी खिशात टाकली. पण ते हलले नाहीत. कोपऱ्यात उभे राहून ऐकत राहिले.