पट्ट्याची खांदशेकणी

आता काय सांगू तुम्हाला! माणसानं मूर्खपणा करावा, त्याला कुणाची ना नाही, पण निदान आपल्या घरच्या तुपानं तरी करावा की नाही? मी तो केला आत्याच्या तुपानं. आणि त्याचा निकाल लागला ऐन पोळ्याच्या दिवशी, अख्ख्या कामरगावासमोर. घ्या, चहा निवेल. मी सांगतो.

आधी माझी आत्या समजून घ्या, नाहीतर पुढचं काही खरं वाटायचं नाही.

गंगाआत्या लहान वयात एकटी पडली. शेती तिनं स्वतः केली, आणि अशी केली की पेरणी कधी धरायची ते विचारायला मिशीवाले बाप्ये तिच्या ओसरीवर यायचे. मी तिचा भाचा दिगांबर, इंझोरीहून तिच्या हाताखाली राहायला आलेला. मी शिकलेला होतो, म्हणून मला अक्कल आहे असा तिचा समज होता. तो समज कसा फिटला, तेच तर सांगतोय!

एकदा आम्ही कापूस घेऊन कारंज्याला जिनावर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यावर, गेलो. तिथला गोरा इंजिनेर विलायतेला परत निघाला होता आणि आपली फटफटी विकत होता. तीन चाकांची! दोन चाकं पुढं, त्यांच्या मधोमध गादीची खुर्ची, आणि हाकणारा मागच्या एका चाकावर. म्हणजे बसणाऱ्याच्या पुढ्यात काहीच नाही. खड्डा आला की पहिलं दर्शन त्यालाच!

दुसरी एखादी बाई पदर सावरून लांब उभी राहिली असती. आत्या सरळ फटफटीपाशी उकिडवी बसली. बैल घेताना त्याचे दात पाहतात ना, तशी खालून वर बघत राहिली आणि म्हणाली, "साहेब, हे फिरते कशानं?"

साहेबानं इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत गेलेला चामड्याचा पट्टा दाखवला. आत्या हसली. जिनात असले पट्टे तिनं दर हंगामात पाहिलेले.

"दिगू," ती मला म्हणाली, "बैलाची जान खांद्यात, अन् हिची जान या पट्ट्यात. हा सांभाळला का गाडी सांभाळली. घेऊन टाकू."

घेऊन टाकली! आठवडाभर मी जिनाच्या आवारात हाकायला शिकलो, आणि मग आत्याला पुढच्या खुर्चीत बसवून गावात शिरलो. नऊवारी नेसलेली, कपाळाला पदर बांधलेली आत्या पुढं आणि मागं धूर काढणारा मी. लोकांनी कवाडं लावून घेतली हो! एका म्हातारीनं तर आमच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या.

पण आपले रस्ते तुम्हाला ठाऊक आहेत. बाभळीचे काटे, गिट्टी, बैलगाड्यांतून सांडलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, आणि पाऊस पडला की काळी माती. हे सगळं चाक उडवायचं आणि पट्टा गिळायचा. खडा पट्ट्याखाली गेला की पट्टा चिरायचा, पऱ्हाटी गेली की तो उडून बाजूला पडायचा. एकदा तर तुटून माझ्या पिंढरीवर असा बसला की मास्तरांची छडी आठवली.

मी शिकलेला माणूस, मी उपाय काढला. पट्ट्याभोवती गोणपाट बांधलं. निघाल्यावर दहा पावलांत पट्ट्यानं ते गोणपाट आत ओढून खाऊन टाकलं, आणि वर माझ्या धोतराचा सोगाही चाखला. त्या दिवशी मी गावात कसा परतलो ते विचारू नका.

 आत्या दोन दिवस गाडीमागून चालत गेली, खडे कुठून उडतात, कुठं लागतात, ते बघत. मग घासलेटचा रिकामा डबा घेऊन रहीमचाचांच्या दुकानात गेली. रहीमचाचा म्हणजे आमचे टिनवाले, बादल्या-चाळण्या करणारे. दोघांनी मिळून पत्रा कापला, वाकवला, आणि पट्ट्यावर नळीसारखं झाकण बसवलं. वरून बंद, पुढून बंद, खालून मात्र उघडं.

"खालून उघडं काहून ठेवलं?" मी विचारलं.

"आत गेलेला खडा निंगन कोठून? बंद घरात चोर कोंडला त तो भांडे फोडते, बाबू!"

काय डोकं होतं बाईचं! त्यानंतर पट्टा एकदाही तुटला नाही. मला अजूनही वाटतं, आत्या विलायतेत जन्मली असती तर तिनं साहेबालाच गाडी विकली असती.

आता हे सगळ्यांना गोड वाटलं, फक्त नानाजींना नाही. नानाजी म्हणजे आत्याचे धाकटे दीर. माणूस मनानं सोनं, पण बैलांचा वेडा. त्यांच्या घरची वहिनी बैलांच्या दमणीतून न जाता धूर काढत जाते, हे त्यांना खुपायचं. पोळ्याच्या आधी ओसरीवर बसून ते म्हणाले, "वयनी, इतकी गुनाची हाये तुमची गाडी, त आना पोळ्यात. तोरनाखालून सुटून मारुतीचा चढ चढून दाखवू द्या. नाई चढली त भंगारात द्या अन् माह्यी जोडी घ्या."

"चढली त?" आत्या म्हणाली.

"त मी सोता तिले बाशिंग बांधीन!"

"ठरलं," आत्या म्हणाली. मला मात्र घाम फुटला. कारण दिवसभर शेतावर असली तरी रात्री जेवताना आत्या फक्त त्या गाडीबद्दल बोलायची. त्या खुर्चीत बसली की तिचं वय उतरायचं. ती गाडी गेली असती तर आत्या रडली नसती, पण पुन्हा तशी हसलीही नसती. आणि गाडी हाकणार कोण? मी!

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेले बैलांचे खांदे गरम पाण्यानं शेकायचे, पळसाच्या पानानं तूप-हळद चोळायची, आणि त्यांना म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आत्यानं आपल्या बैलांचं सगळं केलं आणि तुपाची वाटी माझ्या हातात देऊन घरात गेली.

मी गोठ्यातून बाहेर आलो. समोर फटफटी उभी. झाकण वर करून पाहिलं, तर पट्टा बिचारा कोरडा ठाक, बारीक भेगा पडलेला. मला गलबलून आलं हो! बैलाची जान खांद्यात, अन् हिची पट्ट्यात. आत्याचेच शब्द! शिवाय वहाण कडक झाली की आपण तेल लावतो, मोटेच्या चामड्याला लावतो. मग या मुक्या जिवानं काय पाप केलंय?

मी वाटीभर तूप चोळलं. हळदही. चाक फिरवून फिरवून, एक बोटभर जागा सोडली नाही. पट्टा कसा चकचकीत झाला! वर हात जोडून म्हटलं, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." आणि झाकण घट्ट बसवलं, खडा नको लागायला!

दुसऱ्या दिवशी आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मैदानात, पोळा भरला. तेल वाया नको म्हणून गाडी ढकलतच नेली. पावसानं उघडीप दिलेली. तोरणाखाली बैलांची रांग, झुली, घुंगरं, आणि शेवटी आमची गाडी, झेंडूच्या माळा घालून. खुर्चीत आत्या. नानाजींनी मुद्दाम झडती, म्हणजे पोळ्यातलं टोमण्याचं गाणं, म्हटली:

"बैल माहा खाते सरकी, गाडी पेते तेल,
चढावाले पाहून बाप्पा, गाडी होते फेल!"

"हर बोला हर हर महादेव!" गाव गरजलं. तोरण तुटलं. बैल सुटले. मी हँडल फिरवलं, इंजिन धडधडलं, पट्टा ताणायची दांडी ओढली...

गाडी जागची हलेना.

इंजिन बोंबलतंय, चाक ढिम्म. मी आणखी जोर दिला. आणखी धूर. आत्या वळून म्हणाली, "काहून रे?"

अशा वेळी शिकलेला माणूस काय करतो? दुसऱ्यावर ढकलतो! मी ओरडलो, "हा पत्रा अडकला! हे झाकणच चुकीचं!"

गर्दीतून रहीमचाचा पुढं आले. "अरे मियाँ! सालभर नही अटका, आज कैसा अटका? मेरे पत्रे को नाम मत रख!"

मी ऐकतोय कुठं! झाकण उपटून फेकलं. पुन्हा दांडी ओढली. पुन्हा तेच. आणि आता झाकण निघाल्यामुळे एक नवीनच गोष्ट झाली. तापलेल्या पट्ट्याचा वास मैदानभर पसरला. खमंग! साजूक! लोक नाकं वर करून हुंगायला लागले.

"कोनाच्या घरचं पुरन शिजून राह्यलं बाप्पा?"

पहिलं कुत्रं आलं. मग दुसरं. मग गावातली सगळीच. गाडीभोवती शेपट्या हलवत गोळा झाली. आणि नानाजींचा बैल, ज्यानं पुढं पळायचं, तो मागं वळून आला आणि जीभ काढून आमचं चाक चाटायला लागला!

आत्या खाली उतरली. पट्ट्यावर एक बोट फिरवलं, नाकाशी नेलं. मग माझ्याकडे पाहिलं. मला जमिनीनं गिळावं असं झालं.

"हे त माह्या घरचं तूप हाये."

"खांदशेकणी केली," मी पुटपुटलो.

"गधड्या! बैलाचा खांदा दुखते म्हनून चोळतात. पट्ट्यानं चाक धरलं पायजे, तू त्याले निसटाले शिकवलं!"

तिनं माझ्या डोक्यावरचा कोरा फेटा ओढला, पट्टा खसाखसा पुसला. मग खाली वाकून आखरातली बैलांनी तुडवलेली कोरडी माती ओंजळीत घेतली आणि पट्ट्यावर चोळली. माती! ज्या मातीपासून वाचवायला वर्षभर आटापिटा केला, तीच माती, एकामागून एक ओंजळी! मी फेकल्यानं चेपलेलं झाकण रहीमचाचांनी गुडघ्यावर सरळ करून पुन्हा बसवलं.

"आता तू माघून ढकल," आत्या म्हणाली आणि स्वतः हाकायच्या जागी बसली. कासोटा आवळला, दांडी ओढली.

गाडीनं असा हिसका दिला की मी तोंडावर पडलो. मान वर केली तर आत्या चढावावर होती, एकटी, पदर उडतोय, कुत्री मागं धावताहेत! तिनं हाकायचं कधी शिकून घेतलं होतं, देव जाणे. मारुतीपाशी थांबून तिनं असा भोंगा वाजवला की अख्खं गाव आनंदानं ओरडलं. मीही ओरडलो. तोंडातली माती थुंकून आधी, आणि मग ओरडलो. डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला सांगू?

नानाजी शब्दाचे पक्के. आपल्या बैलाचं बाशिंग सोडून त्यांनी गाडीला बांधलं आणि म्हणाले, "वयनी, जितल्या तुमी. गाडी ठेवा. पन हा एक बैल मातर मले द्या," आणि माझ्याकडे बोट केलं.

"नाई भाऊजी," आत्या म्हणाली, "हा घरचा हाये."

तेव्हापासून दरवर्षी खांदशेकणीच्या संध्याकाळी आत्या गोठ्यातल्या सगळ्या बैलांना तूप-हळद लावायची, आणि शेवटी पळसाचं पान घेऊन माझ्याकडे यायची. माझ्या खांद्याला लावायची आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणायची, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

आणि मी काय करणार? मान खाली घालून जायचो. पुरणपोळी असायची ना!