अढीत ठेवलेलं गॅलियम

केळशीच्या गंगारामची उमर सड्यावरच्या खाणीत बॉक्साइटचा दगड फोडण्यात गेली. शेजारचा बाबल्या मोठा बागायतदार, येताजाता टोमणा मारायचा, "आम्ही आंबे काढले, तू काय काढलंस? दगड!" गंगाराम वरवर हसायचा, पण ते त्याला आत कुठेतरी लागायचं. बाबल्याचंच खरं असावं, असं त्यालाही वाटू लागलं होतं.

मे महिन्यात नात सानिका आली. ती परराज्यात बॉक्साइटाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत आहे. येताना तिने प्लॅस्टिकच्या डबीतून चांदीसारखा एक खडा आणला. आजोबा फोडायचे तसल्याच दगडातून अॅल्युमिनियमचा माल काढताना चिमूटभर निघणारं हे गॅलियम. मोबाइलच्या चिपांना लागतं, असं तिने सांगितलं. झालं! म्हातारा जो उठला तो आळीभर सांगत सुटला, उद्या सकाळी बघायला या.

आता एवढी मोलाची वस्तू ठेवायची कुठे? कपाटाला कुलूप नव्हतं. गंगारामने डबी नेऊन पिकत घातलेल्या आंब्यांच्या अढीत, पेंढ्याखाली खुपसली. त्याच्या अढीला हात लावायची घरात कोणाची छाती नव्हती.

सकाळी आळी जमली. गंगारामने ऐटीत झाकण उघडलं आणि त्याचा चेहराच उतरला. आत चकचकीत पाणी डुचमळत होतं.

"अरे वा, दगडाला पाझर फुटला," बाबल्या म्हणाला. सगळे फिदीफिदी हसले. म्हाताऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डबी अढीत होती हे कळताच सानिकाने कपाळावर हात मारला. उन्हाळ्यातल्या खोलीतही वितळू लागणारा हा धातू; पेंढ्याच्या उबेत टिकतो कसला! पण तळाशी एक कण घट्ट राहिला होता; गार केलं तर त्याच्याभोवती बाकीचं पुन्हा गोठणार होतं. तेवढ्यात सोनूबाई मासे घेऊन दारात आली. सानिकाने डबी थेट तिच्या टोपलीत, बांगड्यांवरच्या बर्फात रोवली. सगळे उकिडवे बसून राहिले. बऱ्याच वेळाने डबी हलवली, तर आत खडा खडखडला.

गंगारामने तो तळहातावर घेतला. घट्टे पडलेल्या त्या हातावर खडा हळूहळू वितळू लागला. कोणी हसलं नाही.

"सुरुंग लावून फोडलाय हा दगड," म्हातारा म्हणाला. "आता नुसत्या हाताला विरतोय."

बाबल्याने हात पुढे केला.

"आधी सोनूबाई, बर्फ तिचा," गंगाराम म्हणाला. "तू रांगेत ये."

आणि बाबल्या, एवढा मोठा बागायतदार, मासेवालीच्या मागे जाऊन उभा राहिला.