मंगलाष्टकातली रात्रपाळी

मंडळी, आज आमच्या सोसायटीतल्या केतकीचं लग्न लागलं. मंगलाष्टकं मी लिहिली होती, म्हणून ही पोस्ट.

केतकी महाळुंग्याला एका कंपनीत मशीनवर असते, बहुतेक रात्रपाळीला. मी कंपन्यांची माहितीपत्रकं घरी बसून पहाटे लिहितो आणि दुपारी झोपतो. त्यामुळे सोसायटीच्या मते ती बिचारी आणि मी बेकार. मंगलाष्टकं हा माझा छंद. संस्कृत शिकल्याचा तेवढाच पुरावा उरलाय.

केतकीने एकच मागितलं होतं. "काका, माझं काम त्यात आलं पाहिजे. घरचे पाहुण्यांना सांगतच नाहीत."

मी ते शार्दूलविक्रीडित वृत्तात बसवलं आणि तिला ऐकवलं: "रात्री यंत्र जपे, सकाळ उजळे, येते घरी लाडकी."

गाणार होत्या तिच्या आत्या. काल त्या कागद घेऊन दारात. "भाऊ, एवढी ओळ गाळा. सासरच्यांपुढं कंपनी कशाला? लोक नावं ठेवत्यात."

"गाताना गाळा," मी म्हणालो, "पण केतकीला तुम्हीच सांगा."

त्यांनी सांगितलं नसावं. कारण आज त्या ओळीपाशी आत्या थांबल्या, तेव्हा अंतरपाटामागे केतकीने मान वर केली आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

आत्यांनी ओळ गायली. मग माइक जवळ ओढून पुन्हा एकदा, सावकाश गायली.

जेवताना माझ्या पानात जिलबी वाढत म्हणाल्या, "लिहिता बरं तुम्ही. मग नोकरी का नाही बघत?"

आज मला कशाचाच राग येत नाहीये. तुमच्याकडे नवरीचं काम कधी कुणी मांडवात गायलंय का? ओळ आठवत असेल तर खाली लिहा.