बंद खिडक्यांचा वेगा

ज्याने तुम्हाला खोटं ओळखायला शिकवलं, त्यालाच खोटं बोलताना तुम्ही कधी ऐकलं आहे का? आणि तेही तुमच्या आईबद्दल?

विलासमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी इथे ऑस्ट्रेलियात, टूवूंबातल्या हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये होते, शिफ्ट संपवून नुकतीच गाडीत बसले होते. मामी एवढंच म्हणाली, "अनु, मामा गेला गं... झोपेतच." मी गाडीची काच खाली केली. ही सवय त्याचीच. कुठल्याही खोलीत शिरला की मामा आधी खिडकी उघडायचा. मेलबर्नजवळ डँडेनॉन्गच्या घरात, ऐन हिवाळ्यात, हीटर चालू असतानासुद्धा. मामी कुरकुरायची, "बिल काय सरकार भरणार आहे?" त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर असायचं, "अक्काच्या वाटणीचं वारं घेतोय."

अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण, माझी आई. निपाणीजवळच्या आमच्या गावात, शाळा सोडून, तिने वखारीत तंबाखू चाळली म्हणून हा शिकू शकला. चाळणी हलली की खकाणा उठायचा, नाकातोंडात जायचा, डोळ्यांतून पाणी काढायचा. वाऱ्याने माल उडतो म्हणून मालक खिडक्या बंद ठेवायचा. कॉलेजात गेल्यावर मामाने आईला आणि तिच्या मैत्रिणींना समोर बसवून मालकाविरुद्ध पहिलं पत्रक लिहिलं. त्याची सुरुवात होती, "आमच्या वखारीला खिडक्या आहेत, पण वारा मालकाचा आहे." हे वाक्य आईचं. शाळेच्या पुस्तकाआधी मी अक्षरं जुळवायला शिकले ती अशा पत्रकांवर. नवं पत्रक लिहून झालं की मामा मला मांडीवर घेऊन विचारायचा, "यातलं आपण ऐकलेलं कुठलं आणि रचलेलं कुठलं?" मी बोट ठेवलेलं वाक्य खरंच रचलेलं निघालं तर तो तिथल्या तिथे खोडायचा. वखारीतल्या बाईने सांगितलं नसेल तर लिहायचं नाही, एवढा एकच नियम होता. खिडक्या शेवटी उघडल्या, पण तोवर आईच्या छातीत खोकला घर करून बसला होता.

मग मामा शिकायला इकडे आला आणि राहिला. बऱ्याच वर्षांनी मी मेलबर्नच्या युनीत शिकायला आले ती त्याच्याच घरी. पत्रकं मागे पडली होती, पण जेवताना वाद घालायची त्याची खुमखुमी तीच होती. शनिवारी तो एका ओळखीच्या सिगारवाल्याकडे जायचा. "स्टॉक लावायला मदत," म्हणायचा. एका शनिवारी त्याची गाडी गॅरेजला होती, म्हणून मी त्याला आणायला गेले.

सिगारवाल्याच्या घराला लागून असलेल्या शेडमध्ये आपलीच माणसं बसली होती. शटर खाली होतं, आत धूर कोंडला होता. कुणीतरी म्हणालं, "विलास, वो बहनवाली सुना ना, यार." म्हणजे ती गोष्ट त्यांनी आधीही ऐकलेली होती... मामाने हातातली सिगार दिव्यासमोर धरली आणि सुरुवात केली. स्पॅनिशमध्ये तंबाखूच्या अव्वल मळ्याला वेगा म्हणतात, क्युबातली उत्तम सिगार त्या वेग्यातूनच येते, तो म्हणाला. मग म्हणाला, आमचं गावही वेगाच. नदीवरून वारा यायचा, वखारीच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या, माझी बहीण मैत्रिणींबरोबर गात गात पानं निवडायची, ते गाणं पानात मुरायचं. एकाने डोळे मिटून सिगार नाकाखालून फिरवली. "ब्यूटिफुल, मेट."

मामाच्या डोक्यावरच एक खिडकी होती. बंद. त्याने ती उघडली नव्हती.

या देशात तंबाखूची जाहिरात करता येत नाही, खोकीसुद्धा एकाच मळकट रंगाची असतात. खोकं बोलत नाही तिथे बोलणारा माणूस लागतो. तो माणूस माझा मामा होता.

परतताना मी विचारलं, "मामा, आई कधी गायली रे?"

"गोष्ट आहे ती, अनु. पत्रक ऐकून कोण सिगार पेटवतं?"

"आणि खिडक्या?"

तो बाहेर बघत म्हणाला, "अक्काला काय फरक पडतो? तिला कुठं कळणार आहे?"

त्याने सिगार विकली याचा मला राग नाही. पोटासाठी माणूस काहीही विकतो, बऱ्याचदा नाइलाजाने. पण आईने खोकत खोकत सांगितलेलं, त्याने स्वतःच्या हाताने लिहून घेतलेलं वाक्य त्याने उलटं केलं, आणि ज्यांच्या तंबाखूसाठी वखारीच्या खिडक्या बंद असायच्या तसल्याच लोकांना ऐकवलं. आई मेलेली नव्हती. फोन केला असता तर तिने उचलला असता. पुढे मला टूवूंबाला नोकरी लागली. त्यानंतर आम्ही बोललो ते वाढदिवसापुरतं. तो विषय त्याने काढला नाही, मीही नाही.

अंत्यविधीच्या दिवशी आई व्हिडिओ कॉलवर होती. रडून झाल्यावर तिने एकच विचारलं, "त्याच्या खोलीची खिडकी उघडी ठेवलीत न्हवं? त्याला कोंडलेलं सोसत नव्हतं." मी हो म्हणाले.

छापायला देण्याआधी हा लेख मी तिला फोनवर वाचून दाखवला. शेडमधला भाग आला तेव्हा पलीकडून फक्त खोकला ऐकू येत होता. मला वाटलं, फोन ठेवेल. खोकला थांबल्यावर म्हणाली, "मी गात हुते म्हणाला?... तोंडाला फडकं बांधलेलं असायचं गं. गाणार कुठनं?" आणि मग, "खिडक्यांचं तेवढं नीट लिही."

डँडेनॉन्गला मामाची खोली मामीने अजून आवरलेली नाही. हीटर बंद असतो, खिडकी मात्र ती रोज सकाळी उघडते. अंत्यविधीनंतर टूवूंबाला निघायच्या आधी मी त्या खिडकीसमोर उभी राहिले. रागाने ती लावून घ्यावीशी वाटली. हात कडीपर्यंत गेला. लावली नाही, कारण ते वारं त्याचं नव्हतंच कधी.

तुमच्याकडे एक मागणं आहे. पुढच्या वेळी कुणी चहाचा, कॉफीचा, तंबाखूचा मुलूख तुम्हाला गोड करून सांगेल, तिथल्या बायकांची गाणी ऐकवेल, तेव्हा मान डोलवण्याआधी त्याला विचारा, खिडक्या उघड्या होत्या का? आणि सांगणारा तुमचा लाडका असेल, तर दोनदा विचारा.