मुरबाडला न्यायचा पियानो

कल्याणच्या दुकानात मी आणि आई दोन डिजिटल पियानोंसमोर उभ्या होतो. एक घरात ठेवायचा, लाकडी, खाली तीन पेडल. एकदा मांडला की हलायचा नाही, पण आवाज असा की अंगावर काटा आला. दुसरा पोर्टेबल. पट्ट्या तेवढ्याच, आवाज जरा बारीक, पण पिशवीत घालून कुठंही नेता येणारा.

"घरातला घे गो, घराला शोभंल," आई म्हणाली. "तो दुसरा म्हंजे नुसतं ओझं."

मलाही घरातलाच आवडला होता. तरी मी पोर्टेबल घेतला. मला तो मुरबाडला न्यायचा होता.

शाळेत असताना माझ्या गावाहून, किन्हवलीहून, मी मुरबाडला एका सरांच्या क्लासला जायचे. वार्षिक कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळ्यांदेखत मला पियानोवरून उठवलं. "ही बोटं चिखलात भाताची रोपं लावायची, आवणीची. इथं नकोत," म्हणाले आणि माझ्या जागी स्वतःच्या भाचीला बसवलं. पोरी हसल्या. एसटीत मी रडले नाही, दात आवळून बसले. पुढे नोकरी लागली, कल्याणला दुसरीकडे शिकले, पण ते वाक्य आत जळतच राहिलं.

पियानो घेतल्यावर मुरबाडात लग्न असो की सत्कार, बोलावतील तिथं मी वाजवू लागले. जीपमध्ये तो गुडघ्यांत उभा धरून न्यायचे. माझं नाव त्या सरांच्या कानावर जावं, एवढंच हवं होतं.

यंदा त्यांचाच फोन आला. कार्यक्रमाच्या दिवशीच त्यांचा कीबोर्ड बंद पडला होता आणि क्लासमधला मोठा पियानो हॉलच्या जिन्यातून वर चढत नव्हता.

"तुमचा आजच्यापुरता द्याल का?" त्यांनी मला ओळखलं नव्हतं.

"देते. पण वाजवणार मी."

हॉलवर मी गाव सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. तरी माइकवर हसून म्हणाले, "ही माझीच जुनी विद्यार्थिनी."

मी माइक हातात घेतला. "मी यांची विद्यार्थिनी नाही. यांनी मला उठवलं होतं. ही बोटं आवणीची आहेत म्हणून."

पहिल्या रांगेत सर मान खाली घालून बसले आणि मी वाजवलं, सावकाश, एकही सूर न गाळता. नंतर त्यांच्याच क्लासमधल्या दोघींच्या आयांनी माझा नंबर घेतला. मी दिला, सरांसमोर, मोठ्यानं सांगून.

घरी आईनं विचारलं, "झालं का आता समाधान?"

"नाय," मी म्हटलं. पुढच्या आठवड्यात सरांच्याच गल्लीत शिकवणीसाठी खोली बघितली.