येथे अंदाज चुकवून मिळतील

माझा मामा तोंडात टाचण्या धरून बोलतो. तो शिंपी आहे, आणि माप घेताना त्याच्या ओठांत किमान सहा टाचण्या असतात. त्यामुळे त्याचं प्रत्येक वाक्य दारात अडकलेल्या कपाटासारखं तिरकं होऊन बाहेर पडतं. "होट आत" म्हणजे पोट आत. एका नव्या गिऱ्हाइकाने खरंच ओठ आत घेतले होते आणि तसाच आरशात बघत उभा राहिला होता. विचार करताना मामा कात्री हवेत चालवतो, कच् कच् कच्, जणू समोर अदृश्य कापड आहे आणि ते तिरपं गेलंय.

हे सगळं मी ओठांत काडेपेटीच्या काड्या धरून हुबेहूब करते. गल्लीतल्या सगळ्यांचे आवाज मला येतात. चावीवाला, झेरॉक्सताई, गणिताच्या बाई. मामा मला साळुंकी म्हणतो. पण हमखास हशा मिळायचा तो मामाच्याच नकलेला, आणि सगळ्यात जास्त वर्षातल्या एका आठवड्यात, कुस्तीच्या शोच्या आधी.

ही कुस्ती मातीतली नव्हे. दोर लावलेलं रिंग, रंगीत दिवे, चमचमते कपडे, मुखवटे. वर्षातून एकदा ती मंडळी चौकापलीकडच्या हॉलमध्ये येतात. कोण जिंकणार ते आधी ठरलेलं असतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण काय ठरलंय ते कुणालाच माहीत नसतं, आणि सगळी मजा त्यातच. झेरॉक्सताई एक छोटा फॉर्म छापते. चार कुस्त्या, प्रत्येकीपुढे रिकामी जागा. गल्ली फॉर्म भरते, ताईकडच्या खोक्यात टाकते आणि गुरुवारी संध्याकाळी ताई ते सगळे दुकानाच्या काचेवर आतून चिकटवते. शो झाला की रविवारी लाल पेनाने बरोबर-चूक. पहिल्याला वर्षभर मिरवायला मिळतं. शेवटच्याला पाटी मिळते.

पाटी चावीवाल्याने पत्र्यावर रंगवलेली आहे: "येथे अंदाज चुकवून मिळतील." ती शेवटच्याने आपल्या दारावर पुढच्या शोपर्यंत लावायची. अकरा वर्षं ती आमच्याच दारावर होती, "सर्व प्रकारची शिलाई व दुरुस्ती" या पाटीच्या बरोबर खाली.

"मास्तर, अहो नाणं उडवून भरलं असतं तरी दोन बरोबर आले असते," चावीवाला म्हणायचा. "एवढं चुकायला अभ्यास लागतो!"

"हुढच्या हर्षी हघा," मामा टाचण्यांतून म्हणायचा. पुढच्या वर्षी बघा. आणि कच् कच् कच्.

ते "हुढच्या हर्षी" मी वर्गात, जिन्यात, लग्नाच्या हॉलमध्ये, दवाखान्याच्या रांगेत, कुठेही करून दाखवायचे. लोक पोट धरून हसायचे. शाळेत मला "चुकीच्या मास्तरांची भाची" म्हणायचे, तेही मीच सुरू केलं होतं. आधी आपणच हसावं, म्हणजे दुसऱ्याला हसण्यात फारसं उरत नाही, असं माझं शास्त्र.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या मंडळींचे कपडे मामाच शिवतो. एकोणीस वर्षं. एका लांबोडक्या वहीत प्रत्येक पैलवानाचं माप आहे, नावाशिवाय, फक्त रंगाने: लाल, हिरवा, काळा, निळा. शोच्या आठवड्यात त्यांचे मॅनेजर दुकानाच्या जुन्या फोनवर फोन करतात आणि मामा दार लोटून घेतो. मला वाटायचं, नाड्या-इलॅस्टिकचं बोलत असतील.

मॅनेजरांचा आवाज मी गेल्या वर्षी एकदा फोन उचलून ऐकला होता. एकदाच, पण मला तेवढं पुरतं. घसा असा, की थंडीत न लागणारी मोटरसायकल. दर वाक्याआधी दोन किका. खर्र, खर्र, आणि शेवटी, "मुद्दा ध्यानात आला?"

यंदा मंगळवारी दुपारी शाळेला सुट्टी होती. आम्ही राहतो दुकानाच्या वरच्या खोलीत, मी, आई आणि मामा. आई कामावर होती, तिचा मोबाइल घरी चार्जिंगला होता. मला लहर आली. ठरवलं होतं एवढंच, की मॅनेजर बनून मामाला रिंगच्या चारी दोरांना झालर शिवायला सांगायची, आणि तो "झालर?" म्हणाला की खिदळायचं.

"खर्र, खर्र. मास्तर?"

माझ्या कानात आणि पायाखाली, दोन्हीकडून एकदम स्टूल सरकल्याचा आवाज आला.

"साहेब! नमस्कार साहेब."

मी थांबले. टाचण्या नव्हत्या. मामाचा आवाज स्वच्छ, उभा, इस्त्री केलेला होता. असा आवाज त्याच्याकडे आहे हेच मला माहीत नव्हतं.

"तयारी कुठवर? पुन्हा एकदा सांगा. मुद्दा पक्का पाहिजे," मी म्हणाले. झालर विसरलेच.

"कालच बोललो आपण, पण सांगतो ना साहेब. पहिल्या कुस्तीत हिरवा हरणार, त्याची डावी बाजू कच्च्या दोऱ्याने घातलीय, ओढली की उसवेल. लालला पक्की दुहेरी टीप. दुसऱ्यात जोडीतल्या ठेंगण्याचा पट्टा तुटेल. तिसऱ्यात पांढऱ्याची बाही." त्याने आवाज खाली घेतला. "आणि निळ्या मुखवट्याचं मी मशीनवर नाही केलं साहेब, हातानेच केलं. मागची शिवण कच्च्या दोऱ्याची, टोक मोकळं सोडलंय. काळ्याने एकदा ओढलं की चेहरा उघडा. पाच वेळा ओढून पाहिलं आणि पाची वेळा नव्याने शिवलं. वीस वर्षांनी माणूस लोकांना तोंड दाखवून निरोप घेणार. दोरा अडकून हसं नको व्हायला."

"मुद्दा ध्यानात आला," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

म्हणजे मामाला दर वर्षी चारही निकाल माहीत असायचे! जो हरायचा त्याची शिवण कच्ची. आणि तो फॉर्मवर मुद्दाम उलटं भरायचा. दर वेळी एखादा बरोबर ठेवायचा, कुणाला शंका येऊ नये म्हणून. अकरा वर्षं पाटी लावून घेतली, स्वतः स्टुलावर चढून, फडक्याने पुसून.

खरं तर इथेच मी गप्प बसायला हवं होतं. पण मला राग आला. सगळ्या गल्लीत ज्याला सगळं माहीत, त्याच्याच दारावर मूर्खाची पाटी? बुधवारी ताई कागदाचा गठ्ठा आणायला आत गेली, तेव्हा मी खोक्यातून मामाचा फॉर्म काढला आणि त्याच्या नावाने दुसरा भरून टाकला. चारही बरोबर. मामाच्या अक्षरासारखं अक्षरही काढलं. आवाज येतो तसं अक्षर मला येत नाही, हे मला तेव्हा कळलं नाही.

गुरुवारी फॉर्म काचेवर लागले. "मास्तरांनी निळ्याला हरवलंय! म्हणजे निळा जिंकला, लिहून ठेवा!" चावीवाला ओरडला. मी मनात म्हटलं, रविवारी बघते तुझं तोंड.

शुक्रवारी सकाळी मी दुकानात मागच्या बाजूला बसून बटणं लावत होते. दार उघडलं आणि मोटरसायकलीला दोन किका बसल्या. खर्र, खर्र. मॅनेजर. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. आवाजावरून मला वाटलं होतं धिप्पाड असतील. हा तर मामाहून बुटका माणूस, काखेत जाहिरातींची गुंडाळी, हातात काचेवरून सोडवलेला फॉर्म.

"मास्तर, हे काय आहे?"

मामाने फॉर्म हातात घेतला. ओठांतल्या टाचण्या एकेक काढून उशीत खोचल्या. सहाही. मग त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. न पाहण्याची सुद्धा एक पद्धत असते. त्यावरूनच मला कळलं की त्याने अक्षर ओळखलंय.

"माझंच आहे साहेब," तो म्हणाला. "चुकलं. मोह झाला."

"एकोणीस वर्षं मास्तर! माझ्या सख्ख्या भावाला मी निकाल सांगत नाही, तुम्हाला सांगतो. आणि तुम्ही काचेवर लावता?" मॅनेजरांनी हात पुढे केला. "ती मापाची वही द्या."

मामाने वही काढली. वर बसलेला खडू हाताने झटकला आणि दोन्ही हातांनी पुढे केली.

"मी भरला तो फॉर्म," मी म्हणाले. बटणं मांडीवरून फरशीवर सांडली.

"बस तू," मामा म्हणाला.

"मामाला वाचवायला आलीस होय?" मॅनेजर म्हणाले. "तुला कुठून कळणार, बाळ? हे आम्हा दोघांतच होतं."

"मी फोन केला होता. मंगळवारी. तुमच्या आवाजात."

ते हसले. हसायलाच हवं होतं, मी पंधरा वर्षांची मुलगी. मग माझ्यापुढे दुसरा रस्ता नव्हता. मी डोळे मिटले आणि केलं. "खर्र, खर्र. मास्तर? तयारी कुठवर? पुन्हा एकदा सांगा. मुद्दा पक्का पाहिजे."

आयुष्यात मी इतकी चांगली नक्कल कधी केली नव्हती. आणि कुणीच हसलं नाही. बाहेर चावीवाल्याची कानस चालू होती तेवढीच.

"मंगळवारी," मामा हळूच म्हणाला. त्याने स्टुलाकडे पाहिलं. "मी उभा राहून बोललो तुझ्याशी."

एवढंच. रागावला असता, एक ठेवून दिली असती, तर बरं झालं असतं. त्या एका वाक्याने माझे कान जे तापले ते अजून निवले नाहीत. उभा राहून. साहेब म्हणून. पाच वेळा ओढून बघितलं म्हणून सांगत.

मॅनेजरांना खरोखरचा खोकला आला. तो ऐकायला माझ्यापेक्षा खोटा वाटत होता. त्यांनी वही टेबलावर परत ठेवली.

"वही राहू दे तुमच्याकडे. फॉर्म परत काचेवर लावतो. पण चारही कुस्त्या उलटवाव्या लागतील. आख्ख्या गल्लीने वाचलंय. उद्या दुपारपर्यंत शिवणी बदलून हव्यात. कच्च्या त्या पक्क्या, पक्क्या त्या कच्च्या." दारात वळून ते मला म्हणाले, "मुद्दा ध्यानात आला?" आणि स्वतःचंच वाक्य तोंडात कडू लागल्यासारखे निघून गेले.

आम्ही दोघं दिवसभर उसवत बसलो. मामा एकदाच म्हणाला, "ब्लेड आडवं धर, कापड कापशील." टाचण्यांशिवाय.

शनिवारी सकाळी एक माणूस आला. गोल चेहरा, थोडं टक्कल, नाकावर चष्म्याचे दोन वण. गिऱ्हाईक असेल म्हणून मी स्टूल पुढे केलं. तो गुडघा धरून सावकाश बसला आणि मामाने कपाटातून निळा मुखवटा काढला.

मी उभीच राहिले. जो चेहरा वीस वर्षं कुणी पाहिला नव्हता, जो आज संध्याकाळी सगळ्या हॉलने पाहायचा होता, तो माझ्यापासून दोन हातांवर होता. अगदी साधा होता. बँकेत टोकन देणाऱ्या माणसाचा असतो तसा.

"झाली का पक्की?" त्याने विचारलं.

"दुहेरी टीप घातलीय," मामा म्हणाला. "आता बैल लावले तरी निघायची नाही."

"चला. म्हणजे अजून एक वर्ष." तो गुडघा चोळत हसला. "पोरांना पहिल्या रांगेत बसायला सांगितलं होतं. बाप काय करतो हे शाळेत कधी सांगता आलं नाही बिचाऱ्यांना. म्हटलं, उद्यापासून सांगा. आता म्हणतो, हुढच्या हर्षी." त्याने ते मामासारखंच म्हटलं, एकोणीस वर्षांची ओळख होती. मग माझ्याकडे वळला. "आवाज काढणारी ती तूच ना? माझा काढ बघू."

"नको काका," मी म्हणाले.

"का गं? फार सोपा आहे."

मी मान हलवली. त्याने मुखवटा घातला आणि मामाने मागून नाडी बांधली. मुखवट्याआडून तो पुन्हा एकदम मोठा दिसू लागला.

संध्याकाळी निळा जिंकला. काळ्याने मुखवटा तीनदा ओढला, शिवण हलली नाही. पहिल्या रांगेत दोन मुलं बसली होती, इतरांसारखीच टाळ्या वाजवत. मी त्यांच्याकडे बघितलं नाही असं म्हणेन, पण सगळा वेळ तेच बघत होते.

रविवारी ताईने लाल पेन घेतलं. मामाला चारपैकी शून्य. इतकं पूर्ण अपयश अकरा वर्षांत कधी मिळालं नव्हतं. चावीवाल्याने पाटी पुन्हा रंगवून आणली, कडेला नक्षीसुद्धा काढली होती. मामा स्टुलावर चढला, मी खालून खिळे दिले.

"साळुंके!" झेरॉक्सताई ओरडली. "होऊन जाऊ दे! हुढच्या हर्षी!"

सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती. चावीवाल्याने काडेपेटी पुढे केली. मी काड्या ओठांत धरल्या आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी बघा." सपाट. शाळेत कविता म्हणतात तसं. कात्रीसुद्धा चुकीच्या हाताने चालवली.

"छे! बिघडलं गं तुझं," ताई म्हणाली. "अजिबात मास्तर वाटत नाहीत."

वर हातोडी थांबली होती. मामाने तोंडातला खिळा काढला, खाली माझ्याकडे पाहिलं, शुक्रवारनंतर पहिल्यांदाच. मग खिळा परत ओठांत धरून म्हणाला, "हाटी सरळ आहे का हघ."

पाटी डावीकडे जरा उतरली होती. मी तसं सांगितलं.